विद्यापीठात टेक कम्युनिटी काढतोय – नाव ठरलं, लोगो झाला, आता पुढे काय?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे नाटकाचा गट आहे, खेळांचे आहेत, वादविवादाचा आहे. पण कोडिंग, हार्डवेअर, ओपन सोर्स (सगळ्यांना खुला असलेला कोड) यांची आवड असणाऱ्यांनी एकत्र बसावं असं काहीच नाही. ज्याला जमतं तो खोलीचं दार लावून एकटाच शिकतो, आणि ज्याला जमत नाही तो "आपल्याला नाही बुवा जमत" म्हणत पदवी घेऊन निघून जातो. म्हणून आम्ही तिघांनी मनावर घेतलंय.

नाव ठरवायला दोन आठवडे गेले, पण ठरलं. लोगोही झाला, तीन रंगांत. कार्यकारिणीचा तक्ता तयार आहे: अध्यक्ष, उपाध्यक्ष, तांत्रिक प्रमुख, डिझाइन प्रमुख, प्रसिद्धी, प्रायोजक संपर्क वगैरे धरून ११ पदं. सत्र सुरू झालं की एआयवर एक मोठी कार्यशाळा, मग २४ तासांची हॅकेथॉन (सलग बसून काहीतरी बनवायची स्पर्धा), आणि येणाऱ्या प्रत्येकाला टीशर्ट असा बेत आहे.

अडलंय कुठे? विभागाची परवानगी कशी काढतात? एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेची विद्यार्थी शाखा घ्यावी की स्वतंत्र राहावं? प्रायोजक कुठून मिळतात? आणि पहिल्या वर्षाची मुलं यावीत म्हणून काय करावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सेमीकोलन
तीन माणसं आणि ११ पदं. उरलेले आठ जण अजून डाउनलोड होतायत का?

रूटमावशी
सेमीकोलन, पोराला पहिल्याच धाग्यात नको रे घाबरवूस.

कोरीपाटी, तुझे प्रश्न नंतर घेऊ. आधी माझा एक घे. समजा बुधवारी संध्याकाळी खोली मिळाली, तुम्ही तिघे जाऊन बसलात आणि चौथं कुणीच आलं नाही. तर तुम्ही तिघे त्या दोन तासांत काय कराल? याचं उत्तर "पुढच्या कार्यक्रमाचं नियोजन" असं येत असेल, तर तुम्ही कार्यक्रम करणारी संस्था काढताय. ती काढण्यात काही गैर नाही, पण मग तिला कम्युनिटी म्हणू नका.

आजवर विद्यार्थ्यांचे जे गट टिकले ते कशाभोवती जमले ते बघ. अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६ साली निघालेला टेक मॉडेल रेलरोड क्लब हा खेळण्यातल्या आगगाड्यांचा क्लब. काही पोरांना वरचे डबे-डोंगर रंगवण्यात रस, आणि काहींचा जीव अडकलेला टेबलाखालच्या तारांत. टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले (विजेने चालणारे स्विच) वापरून कुठली गाडी कुठल्या रुळावर धावायची ते ठरवणारी यंत्रणा त्यांनी जुळवली होती. त्या उपसमितीचं नावच 'सिग्नल्स अँड पॉवर'. १९५८ मध्ये टीएक्स-० हा संगणक तिथे आला तेव्हा रात्री-अपरात्री त्याच्यापुढे जाऊन बसणारी हीच मंडळी. १९६१ मध्ये पीडीपी-१ हा संगणक आला आणि १९६२ पर्यंत त्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ चालू झालेला. 'हॅक' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो बराचसा त्याच टेबलाखालून आलाय. "चला, आपण कम्प्युटर क्लब काढू" असं त्यांच्यातलं कुणी ठरवलं नव्हतं. तारांचा गुंता होता आणि तो सोडवायला हात कमी पडत होते, एवढंच.

दुसरं उदाहरण तुझ्याच कॉम्प्युटरवर असेल, व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्रालमधल्या मुलांना वसतिगृहाचं नेटवर्क जुनं आणि हळू वाटत होतं. नवं हवं होतं, पण त्यासाठी पैसे द्यायला काही कारण दाखवावं लागणार होतं. म्हणून त्यांनी उपग्रहावरून येणारं टीव्हीचं चित्र नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोचवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यातून सर्व्हर निघाला, क्लायंट निघाला, आणि १ फेब्रुवारी २००१ ला तो सगळा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला. मूळ दुखणं काय, तर नेटवर्क रखडतंय.

तेव्हा लोगो ठेव बाजूला आणि सांग, तुमच्या विद्यापीठात असं काय बिघडलेलं आहे ज्याला रोज सगळे शिव्या घालतात, पण हात कुणीच लावत नाही?

अर्धवट_प्रोजेक्ट
मावशींना +१००. आमचा गट कसा मेला ते सांगतो, म्हणजे त्या चुका तरी नव्याने करायला नकोत.

पहिल्या कार्यशाळेला १८० जण. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, आम्ही हवेत. दुसरीला ४० जण. तिसरीला नऊ, आणि त्यातले सात आम्हीच. मागाहून कळलं की पहिल्या वेळचे निम्मे प्रमाणपत्रासाठी आले होते. प्रमाणपत्र मिळालं, विषय संपला.

पण खरा घाव तो नाही. आमच्या संकेतस्थळाचं डोमेन ज्या सिनियरने घेतलं होतं, त्याने नोंदणीला विद्यापीठाचा ईमेल दिलेला. तो पदवी घेऊन गेला, काही महिन्यांनी नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद झालं. मग नूतनीकरणाच्या सगळ्या आठवणी त्या बंद पेटीत जाऊन पडत राहिल्या. आम्हाला कळलं ते पान उघडेना तेव्हा. डोमेनची मुदत संपली तरी लगेच हातचं जात नाही. साधारणपणे आधी काही दिवस सवलतीचे असतात, आणि नाव काढून टाकल्यावरही ३० दिवसांची परत मिळवायची मुदत असते. पण ती मिळवणार कोण? खातं ज्याचं त्याला पासवर्ड आठवेना, आणि पासवर्ड बदलायची लिंक जाणार त्याच बंद ईमेलवर. त्याची धडपड प्रामाणिक होती हो, परदेशातून तीनदा फोन केला त्याने. शेवटी नाव सुटलं आणि भलत्याच कुणीतरी उचललं. आमच्या जुन्या भित्तिपत्रकांवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर जुगाराच्या जाहिराती उघडायच्या. विभागप्रमुखांनी तो स्वतः स्कॅन केला. पुढचं सांगत नाही.

गिटहबचं (कोड ठेवायच्या संकेतस्थळाचं) तेच. तिथल्या गटाच्या खात्याचा ओनर एकच होता, त्याचा फोन हरवला, दुपदरी पडताळणीचे रिकव्हरी कोड कुठे ठेवलेत ते त्याला माहीत नाही. कोड सगळ्यांना दिसतोय, बदल मात्र कुणालाच करता येत नाही. काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा.

सेमीकोलन
क्यूआर कोडवर हसावं की रडावं कळेना. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कर्सर
थोडा वेगळा सूर लावतो. इथे सगळे कार्यक्रमांच्या नावाने नाकं मुरडताहेत, पण मी या क्षेत्रात आलो तो हॅकेथॉनमुळेच. मला तेव्हा कमिट (कोडमधला बदल नोंदवणं) म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. मित्र म्हणाला चल, गेलो, रात्रभर जागलो, सकाळी एक भिकार वेबपेज तयार होतं आणि ते मी केलेलं होतं. ती नशा बुधवारच्या बैठकीत नाही चढत.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मुलांनी २००९ मध्ये पेनअॅप्स सुरू केलं. विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या विद्यापीठीय हॅकेथॉनची लाट तिथून पसरली, २०१३ मध्ये तर त्यांना जोडणारी मेजर लीग हॅकिंग ही संस्था उभी राहिली. एवढ्या मुलांना त्यात काहीतरी सापडलं असणारच ना?

आणि मावशी, तुमच्या त्या टेबलाखालच्या मंडळींबद्दल आदर आहे, पण असे 'कामाभोवती जमलेले' गट बाहेरून कसे दिसतात ते विचारा कुणाला तरी. लहानपणापासून घरी कॉम्प्युटर असलेले चार-पाच जण आपसांतल्या भाषेत बोलत बसतात आणि नवीन माणूस दारातूनच परत जातो.

तिसरा_बाक
कर्सर यांचं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं, एरवी मी इथे फारशी लिहीत नाही.

दारातून परत गेलेली ती मी. पहिल्या वर्षाला होते. फलकावर 'सर्वांचे स्वागत' लिहिलं होतं म्हणून गेले. दार अर्धं उघडं होतं. आत विम चांगला की इमॅक्स यावर वाद पेटलेला. मला दोन्ही माणसांची नावं वाटली, निघाले कोड लिहायचे एडिटर. दोन मिनिटं तशीच उभी होते, कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही. मग फोन आल्यासारखं केलं आणि गेले.

पुढच्या सत्रात त्याच गटातल्या एका ताईने वसतिगृहात मला विचारलं, "माझं एक काम करशील? हे इन्स्टॉल कसं करायचं त्याच्या सूचना लिहिल्यात, त्या वाचून तसंच करत जा आणि जिथे अडशील तिथे फक्त खूण कर. तुला काही येत नाही म्हणूनच तू हवी आहेस." सतरा ठिकाणी अडले. सातव्या पायरीवर 'नेहमीप्रमाणे पाथ सेट करा' असं होतं. आता 'नेहमीप्रमाणे' म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे? तिने सतराही जागा दुरुस्त केल्या, आणि त्या कमिटमध्ये सहलेखक म्हणून माझं नाव घातलं. पुढच्या बुधवारी मी दारात उभी राहिले नाही, कारण मला आत काम होतं.

म्हणून मला वाटतं वाद कार्यक्रम की काम असा नाहीच. ज्याला काही येत नाही त्याच्या हाताला पहिल्या दिवशी काय देणार, ते आधीच ठरलेलं असावं.

रूटमावशी
तिसरा_बाक, हा प्रतिसाद चिकटवून ठेवायला हवा. आणि कर्सर, तुमचा मुद्दा मान्य. कंपूबाजी होते, आमच्याकडेही होती, आणि आम्हाला वर्षानुवर्षं कळलंही नाही. आत बसलेल्याला दार दिसतच नाही.

हॅकेथॉनबद्दल एवढंच म्हणते, सुरुवात तिने करू नका. वर्षभर बसणारी पंधरा डोकी झाली की त्यांच्या जिवावर करा, म्हणजे रविवारी सकाळी घरी जाणाऱ्या नवख्याला "बुधवारी ये" म्हणता येईल. तुम्हाला ती नशा चढली, पण दुसऱ्या दिवशी जायला जागा होती का? नसती तर?

टीशर्टचं मात्र ऐक, कोरीपाटी. हॅकटोबरफेस्ट माहीत असेल. २०१४ पासून डिजिटलओशनने चालवलेला उपक्रम, ऑक्टोबरात ओपन सोर्स प्रकल्पांना ठरावीक पुल रिक्वेस्ट (आमचा बदल घ्या अशा विनंत्या) पाठवल्या की टीशर्ट. हेतू चांगलाच होता. २०२० मध्ये काय झालं, तर प्रकल्पाच्या रीडमी या माहितीच्या फायलीत एखादं विशेषण घुसडायचं आणि पाठवायचं, असा कचऱ्याचा पूर आला. प्रकल्प सांभाळणारी माणसं वैतागली. महिना सुरू होऊन काही दिवस होत नाहीत तोच नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पाला यायचंय त्याने स्वतःहून होकार द्यायचा असं ठरलं. २०२३ मध्ये फुकट टीशर्टही गेले. टीशर्ट मोजून दिला की माणसं टीशर्टच मोजतात. त्यापेक्षा वर्षाच्या शेवटी, जे राहिले त्यांना दे.

फळ्यापुढे
मी शिकवतो, आणि आमच्याकडच्या अशाच एका गटाचा गेली काही वर्षं मार्गदर्शक आहे. टेबलाच्या या बाजूने दोन शब्द.

परवानगी. विद्यार्थी येतात आणि म्हणतात, "सर, आम्हाला तंत्रज्ञानाची संस्कृती रुजवायची आहे." रुजवा की! पण मी सही कशावर करू? एका पानाचा अर्ज आणा. कोणती खोली, कोणता वार, किती ते किती, किल्ली कुणाकडे, शेवटी दार कोण लावणार, आणि काही झालं तर फोन कुणाला करायचा. संस्कृतीचा उल्लेख नसला तरी चालेल. असा अर्ज मी उभ्याउभ्या सही करून देतो. दोन-तीन महिने खोली स्वच्छ परत मिळाली की पुढच्या मागण्या आपोआप सोप्या होतात, याची खात्री देतो.

मार्गदर्शक निवडताना सर्वात मोठं नाव शोधू नका. ईमेलला उत्तर देणारा शोधा.

शाखेबद्दल. संगणकवाल्यांची एसीएम ही संस्था १९४७ ची, अभियंत्यांची आयईईई आजच्या रूपात १९६३ ची. दोन्हींच्या विद्यार्थी शाखा जगभर आहेत. त्यासाठी वर्गणी भरलेले सदस्य लागतात, प्राध्यापकांपैकी कुणीतरी लागतो, आणि दरवर्षी अहवाल धाडावा लागतो. बदल्यात व्याख्याते, स्पर्धा, शोधनिबंध आणि वजनदार नाव मिळतं. माझ्या मते पहिल्या वर्षी घेऊ नये. मी पाहिलेल्या एका गटात सचिवाचं अख्खं वर्ष अहवाल भरण्यात गेलं आणि अहवालात लिहायला काही घडलंच नाही. एखाद्या कंपनीच्या नावाने चालणारे विद्यार्थी-कार्यक्रमही असतात. ते चांगले चालतात, पण कंपनीचं धोरण बदललं की एका ईमेलने गट बेघर होतो. आपलं नाव, आपली यादी, आपला कोड आपल्याकडे ठेवून मग कुणाशीही हातमिळवणी करा.

पैसे. एका विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यात गटाचे पैसे कधीही नकोत, तो कितीही सज्जन असो. सज्जन असेल तर विशेषच नकोत, कारण हिशेबाचा घोळ झाला की त्यालाच झोप लागत नाही. विभागाच्या खात्यातून फिरवा. वेळ लागतो, लागू दे. मुळात पहिल्या सहा महिन्यांत खर्च कशावर करणार आहात? खोली, वीज, नेटवर्क आणि जुनी यंत्रं विद्यापीठात असतातच.

तिसरा_बाक यांनी जे सांगितलं त्याला आकड्यांचा आधारही आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्या मुलींचं प्रमाण १९९५ मध्ये ७ टक्के होतं, २००० मध्ये ४२ टक्के झालं. अभ्यासक्रम सोपा केला म्हणून नव्हे. आधीपासून कोडिंग येणं आणि बुद्धी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रवेश देणाऱ्यांनी मान्य केलं, आणि वेगवेगळी तयारी असणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षात वेगवेगळे मार्ग ठेवले. गटाला हेच लहान प्रमाणावर करता येतं. नवख्यांचा तास आधी, वादविवाद नंतर.

सेमीकोलन
"ईमेलला उत्तर देणारा शोधा" – सर, ही अट लावली तर आमच्याकडे मार्गदर्शकच मिळणार नाही.

कोरीपाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. खरं सांगायचं तर पहिले दोन प्रतिसाद वाचून धागा उडवावासा वाटला होता. काल रात्री आम्ही तिघे बसलो, पदांचा तक्ता फाडला. आता फक्त 'किल्ली कुणाकडे' आणि 'खाती कुणाकडे' एवढी दोनच कामं वाटून घेतली आहेत. फळ्यापुढे सरांच्या सांगण्याप्रमाणे अर्ज केला. बुधवार, पाच ते सात, लॅब मिळाली!

पहिली बैठकही झाली. ३० जण आले (भीत भीत सांगतो, पोस्टर चांगलं झालं होतं). गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवायचं ठरवलं आणि फजिती झाली. सगळ्यांनी एकदम क्लोन मारलं (कोडची प्रत उतरवली) आणि वायफाय बसलं. निम्म्यांना एसएसएचने (सुरक्षित जोडणीची एक पद्धत) कनेक्टच होईना, नुसतं टाइमआउट. आणि एक छोटी स्क्रिप्ट होती, गिटहबवरून माहिती ओढणारी, ती पहिल्या काही जणांकडे चालली आणि नंतर सगळ्यांकडे एकदम बंद. अर्धा तास आम्ही तिघे घाम पुसत या टेबलावरून त्या टेबलावर. हे काय गौडबंगाल आहे?

रूटमावशी
गौडबंगाल नाही रे, ही तर ओळखीची भुतं. शिकवणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी धरतातच.

एसएसएच: विद्यापीठाच्या फायरवॉलने २२ नंबरचं पोर्ट बाहेर जायला बंद केलेलं असणार. गिटहब एसएसएच ४४३ नंबरच्या पोर्टवरही ऐकतं, फक्त होस्ट म्हणून 'एसएसएच.गिटहब.कॉम' द्यावं लागतं. नाहीतर नवख्यांना सरळ एचटीटीपीएसने क्लोन करायला लावा, पहिल्या दिवशी किल्ल्यांच्या जोड्या बनवायला लावण्यात काही पुण्य नाही.

स्क्रिप्ट: लॉगिन न करता गिटहबच्या एपीआयला (प्रोग्रामने माहिती मागायची खिडकी) तासाला ६० विनंत्या करता येतात, आणि ही मोजदाद आयपी पत्त्यागणिक होते. तुमची अख्खी लॅब बाहेरून एकाच पत्त्यावरून दिसते. ३० जणांनी दोनदा चालवली की ६० झाल्या. कोड बरोबर होता तुमचा.

वायफाय: प्रत्येकाने वेगळं ओढायचं कशाला? लॅबमधल्या एका यंत्रावर आदल्या दिवशी प्रत आणून ठेवा आणि बाकीच्यांनी तिथून क्लोन करायचं. नेट गेलं तरी तास चालतो. मोठ्या फायली असतील तर दोन-तीन पेन ड्राइव्ह फिरवा. जुनाट वाटेल, पण पेन ड्राइव्हला टाइमआउट होत नाही.

आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला जाऊन भेट. तक्रार घेऊन नको, "आम्ही बुधवारी ३० जण बसतो, आधी कळवलं तर तुम्हाला बरं पडेल का" असं विचारायला जा. त्या बिचाऱ्याकडे लोक फक्त बंद पडल्यावरच येतात. अशा माणसाची ओळख प्रायोजकापेक्षा मोलाची असते. त्याला न विचारता लॅबच्या यंत्रावर बाहेरून दिसणारा सर्व्हर मात्र चढवू नकोस, पहिल्याच महिन्यात खोली जाईल.

माझा मूळ प्रश्न राहिलाच. बिघडलेलं काय सापडलं?

कोरीपाटी
यादी केली. सर्वात जास्त शिव्या वेळापत्रकाला! वेळापत्रक पीडीएफमध्ये येतं, आठवड्यातून दोनदा बदलतं, आणि कुठली पीडीएफ शेवटची ते कुणालाच कळत नाही. फायलीचं नाव 'अंतिम_नवीन_२'.

अर्धवट_प्रोजेक्ट
धरा ते घट्ट! हे सापडलं म्हणजे निम्मं काम झालं. फक्त सुरुवातीपासून दोन ओनर ठेवा, दोघे वेगवेगळ्या वर्षांचे. गिंप माहीत आहे ना, चित्रांचं सॉफ्टवेअर? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एक्ससीएफ नावाच्या गटात दोघांनी ते लिहिलं, १९९६ मध्ये लोकांपुढे आणलं, आणि पदवी घेऊन नोकरीला निघून गेले. काम मध्येच लटकलं. कोड खुला होता आणि बाहेरची माणसं आधीपासून त्यात रमली होती म्हणून ती पुढे सरसावली आणि १९९८ मध्ये १.० आवृत्ती आली. इतकं नशीब सगळ्यांना मिळत नाही. स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठातला लिसाटर हा संगणक क्लब १९७३ पासून चालू आहे; म्हणजे किती पिढ्या आल्या आणि गेल्या बघा.

कोरीपाटी
दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी, मध्ये परीक्षा होत्या.

वेळापत्रकाचं काम झालं. म्हणजे आधी बिघडलं, मग झालं. पीडीएफमधून तास काढून त्याची कॅलेंडरची आयसीएस फाइल बनवायची, लोकांनी फोनमध्ये एकदाच जोडायची, बदल आपोआप दिसतील, अशी योजना. आम्ही तिघांनी दोन बुधवार बसून लिहिली. आमच्या वर्गाला दिली, वर्गाने दुसऱ्या वर्गाला दिली, आणि सोमवारी सकाळी अनर्थ. नऊचा तास सगळ्यांच्या फोनवर दुपारी दिसत होता. ७० जणांनी नऊचा तास बुडवला. बुधवारी लॅबबाहेर रांग होती, शिकायला आलेल्यांची नव्हे, जाब विचारायला आलेल्यांची.

आता ऐका. त्या रांगेत पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. कोडिंग कधीच केलं नव्हतं तिने. आम्ही तिघे कोडमध्ये डोकं घालून बसलेलो, तिला बाकावर बसवलं आणि तिसरा_बाक यांचं आठवून म्हटलं, ही फाइल साध्या एडिटरमध्ये उघड आणि विचित्र दिसेल तिथे खूण कर. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "प्रत्येक वेळेच्या शेवटी हा झेड का आहे?"

तोच होता. ०९०००० नंतर झेड लिहिला की कॅलेंडर ती वेळ जागतिक प्रमाणवेळ धरतं आणि प्रत्येक फोन आपापल्या घड्याळाप्रमाणे ती पुढेमागे सरकवतो. आम्ही कुठल्यातरी नमुन्यातून ती ओळ जशीच्या तशी उचललेली. झेड काढला, ठिकाणाचा टाइमझोन घातला, संपलं. कमिट तिच्याच हाताने करायला लावला. तिने विचारलं, "संदेशात काय लिहू?" मी म्हटलं, जे केलंस ते लिही. तिने लिहिलं: 'झेड काढला, माफ करा'.

त्या ७० मधले ११ जण अजून येतात. हॅकेथॉन सध्या नाही. विभागाच्या कार्यालयातून विचारणा झालीय, पीडीएफच्या आधी वेळापत्रक ज्या तक्त्यात बनतं तो तक्ताच तुम्हाला दिला तर चालेल का? चालेल का म्हणजे काय!

तिसरा_बाक
'झेड काढला, माफ करा'. याचं भित्तिपत्रक करा.

कर्सर
मानलं. ७० जणांचा तास बुडवून त्यांना खोलीपर्यंत आणणं ही जगातली सर्वोत्तम प्रसिद्धी मोहीम आहे. तरी एक हॅकेथॉन कराच कधीतरी, मी येतो मदतीला.

फळ्यापुढे
तक्ता घ्या, पण त्यात प्राध्यापकांचे फोन क्रमांक नाहीत ना ते आधी पाहा. असतात बऱ्याचदा. रिपॉझिटरी (कोडचा साठा) सार्वजनिक असेल तर मूळ तक्ता तिच्यात टाकू नका. एकदा कमिट झाला की नंतर फाइल पुसली तरी इतिहासात राहतो.

रूटमावशी
सरांचं शंभरदा वाच. दुसरा ओनर कोण केलास?

कोरीपाटी
सर, होते. ४२ क्रमांक होते. वेळेवर सांगितलंत.

मावशी, दुसरी ओनर तीच, झेडवाली. आम्ही जाऊ तेव्हा तिचं एक वर्ष उरलेलं असेल. रिकव्हरी कोड छापून एक प्रत सरांच्या कपाटात ठेवली, एक तिच्याकडे.

सेमीकोलन
सगळं छान. पण त्या तीन रंगांतल्या लोगोचं काय झालं?

कोरीपाटी
ज्याने काढला होता त्याचा लॅपटॉप फॉरमॅट झाला. मूळ फाइल कुणाकडेच नाहीये.